कशेडीला एक ओळ हवी आहे

पोलादपूर मागे पडलं की रस्ता अंग चोरून घेतो. ड्रायव्हर गिअर उतरवतो, मागच्या सीटवरचं पोर आईच्या मांडीवर डोकं ठेवतं आणि कोणीतरी न बोलता पिशवीतून लिंबू काढतं. समजायचं, कशेडी आला. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा घाट, एक पाय रायगडात आणि दुसरा रत्नागिरीत सोडून बसलेला. ओळख करून देतो, पण जरा बेतानं बोला. सप्टेंबर २०२३ पासून स्वारी रुसलेली आहे.

त्या महिन्यात, ऐन गणपतीच्या तोंडावर, भोगावच्या बाजूनं त्याच्या पोटातून काढलेला बोगदा उघडला. दोनांतला एकच, तोही कोकणात उतरणाऱ्या लहान गाड्यांपुरता. पण घाटाला समजायचं ते समजलं. जिथं पाऊण तास मोडायचा तिथं दहा मिनिटं. पोट फोडल्याचं त्याला म्हणाल तर फारसं दुःख नाही. या डोंगरांना सवय आहे. कोकण रेल्वेचा नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरांहून लांब आहे, आणि १९९८ साली ती रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा यानं हूं की चूं केलं नव्हतं. दुखणं वेगळंच आहे. एवढी वर्षं बसून काढली, आता उतारवयात गिऱ्हाईक तुटलं, आणि आपल्यावर कोणी धड कविता केल्याचं काही अजून कानावर आलेलं नाही.

हसू नका. हा नाद त्याला शेजाऱ्यांनी लावला. वर प्रतापगड, तिथल्या अफजलखानाच्या प्रकरणावर अज्ञानदासानं पोवाडा रचला. तालुक्यातच उमरठ, तिथं समाधी असलेल्या तानाजी मालुसऱ्यांवर तुळशीदासाचा पोवाडा, त्याला अजून टाळ्या पडतात. वरंधा घाटाच्या अंगाला शिवथरघळ. तिथं समर्थांनी दासबोध सांगितला म्हणतात, आणि जाता जाता घळीवरून कोसळणाऱ्या पाण्यावरही कविता करून ठेवली. पाण्यालासुद्धा कविता! कहर म्हणजे खाली पोलादपुरात, याच्या पायथ्याशीच, शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. छत्रपतींचा कवी उशाशी निजलेला, त्याच्या काव्यात जावळीचं रान आहे, खान आहे, सगळं आहे. कशेडी कुठाय? ‘ते संस्कृतात लिहायचे,’ घाट स्वतःची समजूत घालतो. ‘माझं नाव वृत्तात बसलं नसेल.’

कवी येत नाहीत असं नाही. येतात, पण जुलै-ऑगस्टात. तेव्हा हा असा नटलेला असतो की विचारू नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेतो, वळणावळणाला धबधब्यांच्या झिरमिळ्या सोडतो, धुक्याची शाल एकदा पांघरतो, एकदा टाकतो. कवी गाडी कडेला लावतात, फोटो काढतात, धुकं आणि प्रेयसी एका कडव्यात बसवतात आणि गरम भजी खाऊन निघून जातात. कवी माधवांच्या ‘हिरवे तळकोकण’पासून आमच्या कोकणाला हिरव्या रंगाची जी सवय लागली ती लागलीच. एप्रिलात मात्र कोणी फिरकत नाही. तेव्हा गवत जळून गेलेलं असतं, वणव्याचे काळे पट्टे उतारावर दिसतात, आणि लांबवर कुठंतरी कोळशाच्या भट्टीचा धूर सरळ वर जात असतो. भट्टीवर कातकरी कुटुंब राबत असतं. एके काळी यांचे पूर्वज याच रानात खैराचा काथ काढायचे. त्यावरूनच त्यांना काथोडी म्हणत. पुढं कोळसा पाडायची मजुरी आली, कोळसा शहरात गेला, रान विरळ झालं. परमानंदांनी वर्णिलेली झाडी गेली कुठं, याचं अर्धं उत्तर त्या भट्टीत आहे. घाट या विषयावर बोलत नाही. टक्कल पडलेल्या माणसाला जुना फोटो दाखवू नये.

रागीट म्हणाल तर भयंकर. आषाढ लागला की भोगावच्या अंगाला तो कूस बदलतो आणि रस्ता खचतो. भेगा पडतात, पिंप आणि लाल फडकी लागतात, खडी येते, डांबर येतं, साहेब येतात, छत्री धरणारे येतात. रस्ता पुन्हा सारखा होतो. पुढच्या पावसात पुन्हा कूस. इतकी वर्षं चाललेला हा संवाद आहे; भाषा मात्र एकाच बाजूला कळते.

त्याच्या वाट्याला आलेलं अधिकृत काव्य म्हणजे वळणावरचे फलक. ‘सावकाश’ला ‘अवकाश’ आणि ‘घाई’ला ‘आई’ असली यमकं जुळवणारा कोणी सरकारी कवी खात्यात कुठंतरी बसलेला असणार. त्याच्याबद्दल घाटाचं मत छापण्यासारखं नाही. त्यापेक्षा ट्रकांच्या पाठीवरचे शेर त्याला पसंत आहेत. चढावर ट्रक इतके हळू जातात की मागच्याला शेर वाचून, पुन्हा वाचून, पाठ होईपर्यंत सवड मिळते. बेवफाई, आईचे आशीर्वाद, हप्त्यांची कटकट आणि नजर लावणाऱ्याचं वाटोळं, एवढ्या चार विषयांत हे वाङ्मय संपतं. अर्थव्यवहारावरची इतकी प्रामाणिक कविता मासिकांतून क्वचित आढळते.

पण याची खरी मैफल एस.टी.त भरायची. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी मुंबईहून सुटले की मागच्या बाकांवर पखवाज, पेटी आणि चकी असायच्याच. त्यातला मोठा वाटा गिरणगावातला. घरी जायला रात्र लागायची, म्हणून रात्र गाण्यात घालवायची, एवढा साधा हिशेब. माझ्या ओळखीचे एक बुवा आहेत खेडकडचे. त्यांचं वेळापत्रक घाटानं ठरवून दिलेलं होतं. पोलादपूरच्या स्टँडवर चहा. गाडी सुटली की गजर. चढाला अभंग, कारण इंजिनाचा आवाज एका सुरात लागतो आणि पेटीला त्याचा आधार मिळतो. वर माथ्यावर, ‘कशेडी टॅप’च्या पोलीस चौकीपाशी, गाडी जरा मोकळा श्वास घ्यायची तिथं गौळण. उतारावर ब्रेक लागत असतात, ताल तुटतो, म्हणून उतारावर फक्त ताना. खाली उतरलं की भैरवी. बोगद्यातून पहिल्यांदा जाताना बुवांनी सवयीनं गजर घेतला. चार ओळी होतात न होतात तोच बोगदा आला. आत आवाज असा घुमला की पखवाजवाला दचकून थांबला, आणि तो सावरतो तोवर पलीकडचा उजेड. ‘गौळण यमुनेवर पोचायच्या आत आम्ही खेडात,’ बुवा सांगतात. यंदा त्यांनी चकी घरीच ठेवल्या. पोरांच्या कानांत वायरी असतात.

हे ऐकलं की घाटाला बळ येतं. ‘बघा,’ तो म्हणतो, ‘माझ्या सुस्तीवर तुमची गाणी पोसली होती.’

त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते पुरतं ऐकून घेऊ नये. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पुढारी सेनापती बापट, तेही कविता करणारे. धरण झालंच. पुढं पुणे जिल्ह्यातल्या त्या डोंगराळ मुलखातून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरच्या मिळून त्या लाखाच्या वर गेल्या. त्या ओव्यांमध्ये नवरा, सासू, राम, आंबेडकर, मुंबईला गेलेला भाऊ, सगळे आहेत. मग ओवी थांबली कशानं? धरणानं नाही, दुष्काळानं नाही. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि पहाटे तीनला उठायची गरज संपली तशी पहाटे तीनची कविताही संपली. आता कोणा अभ्यासकानं जाऊन ओव्या गायलेल्या एखाद्या म्हातारीला विचारावं, ‘आजी, जातं पुन्हा देऊ का?’ ती दगड उचलून मागं लागेल. घाटालाही मी हेच सांगतो. बुवांच्या गौळणीचं दुःख मलाही आहे, पण त्या गाडीत पिशवी तोंडाशी धरून बसलेल्या बायका होत्या, त्यांचं मत तू कधी घेतलंस? आणि रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन महाडकडे, मुंबईकडे निघालेल्या ॲम्ब्युलन्सला तुझी एकवीस वळणं काव्यमय वाटत असतील का? वळणांचा आकडा मी अंदाजानं ठोकतो. तो दुरुस्त करत नाही, कारण मोठा आकडा त्याला आवडतो.

अधिकार गाजवायची हौस दांडगी. २०२०च्या मे महिन्यात टाळेबंदीत ती पुरी भागली. मुंबईत अडकलेले चाकरमानी मिळेल त्या गाडीनं, काही तर पायी, कोकणात निघाले आणि कशेडीवर अडकले. पास दाखवा, कपाळावर यंत्र धरा, यादीत नाव लिहा. गाड्यांची रांग खाली उतरलेली, माथ्यावर ऊन, लहान पोरं डांबरावर वर्तमानपत्र पसरून निजलेली. जिल्ह्याचं दार म्हणजे आपण, हे घाटाला त्या महिन्यात मनापासून पटलं. त्याच महिन्यात एकाच्या मोबाईलवर दुसऱ्यानं जुळवलेल्या ओळी फिरत होत्या: गावची वेस, आईचा चेहरा आणि मध्ये चौकी. यमक कच्चं, मीटर तर नाहीच. पण त्या ओळी लिहिणारा रांगेत उभा होता. एवढ्यानं फरक पडतो.

शेजारच्या दोन नद्यांविषयी तो आवाज खाली आणून बोलतो. एका हाताला सावित्री, दुसऱ्या हाताला जगबुडी. हे दुसरं नाव ज्यानं ठेवलं त्याला पुढं एकही कविता लिहायची गरज नव्हती. दोन्ही नद्यांत मगरी आहेत. आणि घाटाच्या दोन्ही अंगांना रसायनांचे कारखानेही आहेत: अलीकडे महाडची एम.आय.डी.सी., पलीकडे लोटे-परशुरामची. त्यामुळे टँकर याच्याच अंगावरून इकडून तिकडे जातात, आणि एखादा कलंडला की वारा कुठल्या दिशेनं आहे हे वरच्या वाडीतल्या बाईला आधी कळतं. पाण्याला वास आल्याच्या, मासे मरून वर आल्याच्या तक्रारी दोन्ही खोऱ्यांतून वर्षानुवर्षं येत राहिल्या. त्याच कारखान्यांच्या पगारावर पोरांची लग्नं झाली, घरांना स्लॅब पडले. हा गुंता कवितेत आणायला धीर लागतो. निसर्गकवी नदीपाशी येऊन नाक दाबतात आणि कामगारकवी नाक दाबलं तर मालकाला कळेल म्हणून दाबत नाहीत.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मराठीत पाण्यावर सगळ्यात जास्त गाणी कुठल्या पाण्याची झाली असतील? माझी पैज महाडच्या चवदार तळ्यावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि तेव्हापासून जलशांतून, वामनदादा कर्डकांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या शेकडो गायकांच्या गाण्यांतून ते तळं गाजतं आहे. त्या गाण्यांत पाण्यावर चांदणं पडत नाही. पाणी कोणी प्यायचं आणि कोणी नाही, एवढंच विचारलेलं असतं. सावित्रीच्या पाण्याविषयी विचारायचं झालं तर तोच सूर कामाला येईल, असं मला वाटत आलं आहे. घाटाला हे पटत नाही. त्याला चांदणं हवं असतं.

एका गोष्टीवर मात्र तो गप्प होतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री दोन एस.टी. गाड्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, दक्षिणेकडून आल्या, घाट उतरल्या, पोलादपूर ओलांडून गेल्या. सावित्री फुगलेली. महाडजवळचा १९२८ सालचा कमानींचा दगडी पूल त्यांच्या चाकांखालून गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याचं खूप कौतुक झालं आणि व्हायलाही हवं. पुढं २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोनवर कविता येऊन थडकल्या. निसर्ग कोपला, माणसा तू काय केलंस, वगैरे. इतक्या लवकर येणारी कविता बहुतेक आधीच तयार असते, नाव घालायचं तेवढं बाकी असतं. गावातली गाणी उशिरा आली. कोणाच्या तरी नमनाच्या खेळात, नेहमीची गंमत चालू असता, संकासुर मध्येच थांबला आणि गेलेल्या शेजाऱ्याला हाक मारल्यासारखं त्यानं एक नाव घेतलं. कोणी टाळी वाजवली नाही. मृदंगवाल्यानं एक थाप दिली आणि खेळ पुढं गेला.

झाडांवरून त्याची चिडचिड होते. २०११नंतर महामार्ग चौपदरी करायला घेतला तेव्हा खालच्या सपाटीवरचे जुने वड, आंबे, चिंचा गेल्या. घाट चढायच्या आधी गाड्या ज्या सावलीत थांबून पाणी प्यायच्या ती सावली गेली. तिथं आता बोटभर रोपं आहेत, त्यांना हिरवी जाळी आहे, आणि अशा रोपांशेजारी हमखास असतो तो फलक आहे: तुकोबांचा झाडांचा अभंग, रंगीत अक्षरांत. तुकोबा सोयरे कोणाला म्हणत होते आणि फलकाचं बिल कोणत्या कामातून निघालं, या दोन गोष्टी एका खांबाला टांगलेल्या पाहिल्या की घाटाला हसू येतं. त्याच्या हसण्यानं चार दगड घरंगळतात.

एवढं सगळं ऐकून तुमचं मन द्रवलं असेल तर थांबा. हा स्वतः कोण? सुरुंगाचाच पोरगा. कधीकाळी डोंगराला पहार लावून, दारू ठासून याला काढलं. त्याआधी इथून पायवाट होती, बैलांच्या पाठीवर मीठ आणि तांदूळ जात असतील, वाटेवर पाणपोया असतील, चढाला म्हणायची काही गाणी असतील. ती गाणी कोणी मोडली? मोटारीनं. मोटार कोणी आणली? म्हणून मी त्याला सांगतो, तू ज्याला अधोगती म्हणतोस ती तुझ्या जन्मापासून मोजलेली आहे. यावर तो धुकं ओढून घेतो आणि झोपल्याचं सोंग करतो.

बोगद्याशी त्याचं वैर मात्र पोरकट आहे. २०२४च्या पावसाळ्यात बोगद्याला गळती लागली, छतातून धारा पडताहेत असे व्हिडिओ फिरले. घाट आठवडाभर प्रसन्न होता. ‘माझंच पाणी,’ म्हणाला, ‘वरून सोडलेलं.’ माथ्यावरच्या चहावाल्यालाही त्याची री ओढायला हवी होती, पण तो व्यवहारी माणूस. बोगद्याची डागडुजी निघाली, वाहतूक पुन्हा वर वळली तेव्हा त्यानं दोन दिवसांत जास्तीचं दूध लावलं, आणि ती परत खाली गेली तसं बंद केलं. करवंदं विकणाऱ्या बायका पूर्वी वळणावर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसायच्या. गाडी हळू झाली की द्रोण खिडकीत. आता त्यांतल्या दोघी बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन पाहून आल्या. तिथं गाडी थांबत नाही. द्रोण हातात धरून उभं राहिलं तर वाऱ्यानं करवंदं उडतात.

गेल्या श्रावणात मी त्याच्याकडे बसलो होतो तेव्हा एक दुचाकी माथ्यावर येऊन थांबली. पंचविशीचा पोरगा, डोक्यावर रुमाल, पाठीला ढोलकीची पिशवी. जाखडीवाला. शक्ती-तुऱ्यातला नव्या दमाचा शाहीर. मुंबईत परळचं दामोदर नाट्यगृह होतं तोवर त्याचं मंडळ तिथं कार्यक्रम करायचं. ते २०२३ साली नव्या बांधकामासाठी बंद झालं, तेव्हापासून हॉल शोधत फिरताहेत. नवं गाणं बांधलं होतं, त्याची चाल रेकॉर्ड करून मंडळाला मुंबईला पाठवायची होती. बोगद्यातून चार वेळा गेला, पण आत रेंज नाही, आणि बाहेर पडेपर्यंत गाडी सुसाट. म्हणून मुद्दाम घाटानं वर आला.

त्यानं पोलीस चौकीपासून जरा दूर, कठड्याला टेकून, एका कानावर हात ठेवून गाणं म्हटलं. घाट कान टवकारून बसला होता. गाणं बोगद्यावर होतं. बोगद्याची लांबी, बोगद्यातले दिवे, वाचलेला वेळ, गळकं छत, पहिल्या दिवशी हार घालणाऱ्यांची गर्दी, आणि मग तुरेवाल्यांना सवाल: डोंगर पोटातून पोकळ झाला तर वरचं देऊळ कोणाच्या जिवावर उभं? जवाब आणा नाहीतर घुंगरू सोडा. चांगलं जमलं होतं. चौथ्या कडव्यात त्याला ‘पाट’ आणि ‘ताट’ला जोड हवी होती, तिथं त्यानं ‘कशेडी घाट’ टाकला. अर्थाला काही गरज नव्हती.

मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या, पोरानं किक मारली आणि उतरून गेला. मी घाटाकडे पाहिलं नाही, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, ‘चौथ्यात आलो ना?’